नावाआधी काय, नावानंतर काय? स्मरणिकेत पदव्या कशा छापाव्यात?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं शताब्दी वर्ष सुरू आहे आणि स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे आलंय. लेख आले, जाहिराती आल्या, अक्षरजुळणीही बरीच झाली. काम अडलंय ते नावांपाशी. लेखक, देणगीदार, आजी-माजी विश्वस्त अशी लांबलचक यादी आहे आणि प्रत्येकाने आपलं नाव आपापल्या रीतीने लिहून पाठवलंय. वानगीदाखल, नावं काढून देतो:

डॉ. अमुक, एम.ए., बी.एड., एम.फिल., सेट, नेट, पीएच.डी.
डॉ. अमुक, एम.डी. (ए.एम.)
सीए अमुक, बी.कॉम., सीए (इंटर)
ॲड. अमुक, बी.एस्सी., एल्एल.बी. (बँकेत विधी अधिकारी)
ऑनररी कॅप्टन (निवृत्त) अमुक
अमुक, संगीत विशारद
डॉ. अमुक, समाजभूषण (ही डॉक्टरेट एका संस्थेने समारंभात दिलेली)
अमुक, बी.ए. (अपिअर्ड)

समितीतल्या तरुण मंडळींचं म्हणणं असं की सरसकट सगळं उडवा, नुसती नावं छापा. मला ते मान्य नाही. आणखी पन्नास वर्षांनी कुणी ही स्मरणिका उघडली तर गावातून कोण काय शिकलं होतं हे त्याला या यादीतूनच कळणार आहे. पण ज्याने जे पाठवलं ते जसंच्या तसं छापायलाही मन धजत नाही. वाचनालयाच्या नावाने छापलं की आपण त्याची ग्वाही दिल्यासारखं होतं. तेव्हा ज्याने त्याने आपल्या क्षेत्रातला नियम काय आहे ते कृपया सांगावं.

मुद्रितशोधक

आधी लिहिण्याची रीत एकसारखी करून घ्या, निम्मी यादी तिथेच सरळ होईल.

पीएच.डी. असं लिहा, पी.एच.डी. नको. बी.एस्सी., एम.एस्सी., एल्एल.बी., डी.लिट. ही रूपं मराठी छपाईत रुळलेली आहेत, तीच ठेवा. क्रम मिळवल्याच्या ओघाने, म्हणजे आधी पहिली पदवी, मग पुढची. एकाच विषयात एम.ए. असेल तर बी.ए. गाळलं तरी चालतं, कारण ते त्यात आलंच. बी.एड. किंवा एल्एल.बी. मात्र गाळू नका, तो वेगळा अभ्यास आहे. नावाआधी ‘डॉ.’ लावलंत तर नावानंतर पीएच.डी. पुन्हा लिहायची गरज नाही. दोन्हींतलं एक ठेवा. माझं मत विचाराल तर स्मरणिकेत नावानंतरचं पीएच.डी. ठेवावं आणि कंसात विषय द्यावा, म्हणजे हे वैद्यकीय डॉक्टर आहेत की भाषेचे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

सेट आणि नेट या अध्यापनाच्या पात्रता परीक्षा आहेत. नोकरीच्या अर्जात त्या हव्यातच, तिथे त्यांच्यावाचून अडतं. देणगीदारांच्या यादीत त्यांचं काम नाही. ‘अपिअर्ड’चंही तेच. परीक्षेला बसलो एवढंच त्यातून कळतं.

घाटमाथा

मी एम.बी.बी.एस., डी.एन.बी. आहे, तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना आहे. तुमच्या यादीतल्या दुसऱ्या नावावर मला सविस्तर लिहायचंय.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी 2002 चे आचारसंहितेचे नियम आहेत. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये नवे नियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, म्हणून आजही 2002 चेच धरायचे. त्यात स्पष्ट आहे की नावानंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय पदव्याच लावाव्यात, किंवा ज्यातून व्यावसायिक ज्ञान वा विशेष गुणवत्ता दिसते अशी प्रमाणपत्रं, सदस्यत्वं आणि सन्मान. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दिसला पाहिजे. आणि एखाद्या शाखेतली खास पात्रता नसेल तर त्या शाखेचा तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही.

आता बोर्डांवर काय दिसतं? एम.बी.बी.एस.च्या पुढे सात-आठ लघुरूपांची रांग. त्यातली काही दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेची, काही वार्षिक वर्गणी भरून मिळणाऱ्या सदस्यत्वाची. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला त्यातलं काय कळणार? रांग लांब म्हणजे डॉक्टर मोठा, एवढंच तो धरून चालतो. माझ्या दृष्टीने हा रुग्णाच्या विश्वासाचा प्रश्न आहे, म्हणून मी यावर कुठेही बोलायला कचरत नाही.

‘एम.डी. (ए.एम.)’ म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. ही आयोगाने मान्य केलेली पदवी नाही. कंस बारीक अक्षरात आणि एम.डी. ठळक, अशी पाटी तुम्हीही पाहिली असेल. पाश्चात्त्य वैद्यकातली पदवी खोटेपणाने लावण्याविरुद्ध आपल्याकडे 1916 पासून कायदा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी जास्तीत जास्त 250 रुपये, पुन्हा सापडल्यास 500. त्या काळी ती मोठी रक्कम होती. आज तिचा धाक कुणाला वाटणार?

तुम्ही एवढंच करा. प्रत्येक डॉक्टरला नोंदणी क्रमांक आणि तो कोणत्या परिषदेचा ते विचारा. महाराष्ट्र वैद्यक परिषद, भारतीय वैद्यकाची परिषद, होमिओपॅथीची परिषद, जे असेल ते. ज्याच्याकडे क्रमांक आहे तो लगेच देतो.

कृष्णाबाई

घाटमाथा, तुमच्या म्हणण्याला अनुमोदन. एक बाजू आमचीही.

मी बी.एच.एम.एस. आहे. आमच्या शिक्षणाची वर्षं, आंतरवासिता, परिषदेची नोंदणी सगळं कायद्याने आहे. ‘डॉ.’ लावायचा आम्हाला हक्क आहे आणि तो कुणी उपकार म्हणून दिलेला नाही. पण कंस प्रामाणिक हवा, हे मी माझ्या बरोबरीच्यांनाही सांगते. एम.डी. (होमिओपॅथी), एम.डी. (आयुर्वेद), एम.एस. (आयुर्वेद) असं पूर्ण आणि त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावं. आपल्या शास्त्राचा अभिमान असेल तर त्याचं नाव बारीक कशाला करायचं?

महाराष्ट्रात 2014 च्या कायदाबदलानंतर होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी एक वर्षाचा सी.सी.एम.पी., म्हणजे आधुनिक औषधशास्त्राचा, अभ्यासक्रम आला, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. ते प्रमाणपत्र आहे. पदवीनंतर स्वल्पविराम देऊन लिहावं, पण एम.बी.बी.एस.च्या तोडीची पदवी असल्यासारखं मिरवू नये. त्यावरून वाद सुरू आहे आणि दोन्हीकडचे डॉक्टर दुखावलेत, म्हणून जे आहे तेवढंच लिहिणं अधिकच गरजेचं झालंय.

सांधेजोड

आम्हा फिजिओथेरपिस्टांचंही विचारात घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने आम्ही ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच ते मागेही घेतलं. अशा वेळी स्मरणिकेपुरतं सोपं म्हणजे नाव, पुढे बी.पी.टीएच. किंवा एम.पी.टीएच. आणि व्यवसाय फिजिओथेरपिस्ट. कुणाचीही फसगत होत नाही.

ताळेबंद

सीएंचं मी सांगतो.

नावाआधी ‘सीए’ लावायला चार्टर्ड अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटचं सदस्यत्व लागतं. शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली पण सदस्य म्हणून नाव नोंदवलं नाही, तरी ‘सीए’ लावता येत नाही. मग इंटर झालेल्याचा प्रश्नच नाही. तुमच्या यादीतल्या त्या गृहस्थांचं बी.कॉम. छापा, ते त्यांनी पूर्ण मिळवलेलं आहे.

नावानंतर ए.सी.ए. किंवा एफ.सी.ए. येतं. ए.सी.ए. म्हणजे सहयोगी सदस्य. सलग पाच वर्षं व्यवसाय केला की फेलो होता येतं, मग एफ.सी.ए. आधी ‘सीए’ आणि नंतर ‘एफ.सी.ए.’ असं बरेच जण लिहितात. त्यात गैर नाही, कारण दुसऱ्यातून सदस्यत्वाचा प्रकार कळतो.

आमच्यावर 1949 च्या कायद्याचं बंधन आहे. व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, पाटी यांवर चार्टर्ड अकाउंटंट याशिवाय दुसरं बिरुद लावायचं तर ते कायद्याने स्थापन झालेल्या किंवा केंद्र सरकारने मान्य केलेल्या विद्यापीठाची पदवी हवी किंवा केंद्र सरकारने मान्य केलेल्या संस्थेचं सदस्यत्व. म्हणून ‘करसल्लागार’, ‘गुंतवणूक तज्ज्ञ’ असलं काही आमच्या पाटीवर दिसणार नाही, आणि दिसलं तर ती शिस्तभंगाची बाब ठरते.

एक खुलासा: जुन्या मंडळींत कुणी ए.आय.सी.डब्ल्यू.ए. लिहिलं असेल तर ते कॉस्ट अकाउंटंट आहेत. आता ए.सी.एम.ए., एफ.सी.एम.ए. लिहितात, नावाआधी सीएमए.

सनदधारी

‘ॲड.’ ही पदवी नाही. 1961 च्या ॲडव्होकेट्स कायद्याखाली राज्याच्या बार कौन्सिलकडून सनद मिळते, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल, तेव्हा माणूस वकील होतो. नुसतं एल्एल.बी. झालेल्याने एल्एल.बी. लिहावं, तेवढा हक्क त्याचा आहेच. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर सनद स्थगित करावी लागते. बँकेतल्या विधी अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर ती पुन्हा चालू करून घेतली असेल तर ‘ॲड.’ ठीक. नसेल तर बी.एस्सी., एल्एल.बी. एवढंच. त्यांना सरळ विचारा, त्यात अपमान काही नाही.

वकिलांच्या पाटीवरची बंधनं लोकांना फारशी माहीत नसतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे पाटी बेताच्या आकाराची हवी. आपण बार कौन्सिलचे किंवा कुठल्या संघटनेचे अध्यक्ष वा सदस्य आहोत किंवा होतो, अमुक प्रकारच्या खटल्यांत निष्णात आहोत, पूर्वी न्यायाधीश किंवा महाधिवक्ता होतो, यातलं काहीही त्यावर लिहिता येत नाही. कारण उघड आहे. पाटी पाहून पक्षकाराला असं वाटता कामा नये की या माणसाचं न्यायालयात वजन पडेल.

रेघ आणि कोन

थोडक्यात वास्तुविशारदांचं. 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे कौन्सिलकडे नोंदणी असलेल्यालाच ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येतं. नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘सीए’ या अक्षरांनीच होते, तेव्हा कुणी क्रमांकासकट नाव पाठवलं तर त्याला चार्टर्ड अकाउंटंट समजून छापू नका. इंजिनिअरांच्या बाबतीत ए.एम.आय.ई., एम.आय.ई., एफ.आय.ई. दिसलं तर ते 1920 साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सशी जोडलेलं आहे. यातलं ए.एम.आय.ई. नोकरी सांभाळून, रात्री अभ्यास करून दिलेल्या परीक्षांचं फळ असतं. जुन्या पिढीतल्या कुणाच्या नावानंतर ते असेल तर आवर्जून ठेवा.

छावणी

सैनिकांबद्दल लिहिते. माझे वडील सुभेदार होते.

‘ऑनररी कॅप्टन (निवृत्त) अमुक’ असं लिहू नका. ‘ऑनररी कॅप्टन अमुक (निवृत्त)’ असं लिहा. हुद्दा नावाआधी, आणि ‘निवृत्त’ नावानंतर कंसात. सैन्यात असं मानतात की निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही. ‘ऑनररी’ आहे म्हणून तो कमी समजू नका. वर्षानुवर्षं निष्ठेने नोकरी केलेल्या निवडक सुभेदार आणि सुभेदार मेजरांनाच तो मान मिळतो.

शौर्य आणि सेवापदकांची अक्षरं नावानंतर येतात आणि पदव्यांच्या आधी. परमवीर चक्र, अशोक चक्र, पुढे परम विशिष्ट सेवा पदकाचं पी.व्ही.एस.एम. वगैरे. सातारा जिल्ह्यातली स्मरणिका आहे, इथे आपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत. हवालदार, नाईक हे हुद्देही त्याच मानाने छापा. पदवीधरांच्या यादीत नाईकाचा हुद्दा गाळलेला मी पाहिलाय आणि त्या घरच्यांना ते फार लागतं.

कोयनाकाठ

छावणीताई, ‘निवृत्त’ची जागा आजच बदलली. आमच्या यादीत हवालदार बरेच आहेत, एकाचाही हुद्दा गाळणार नाही.

आता दोन अवघड प्रश्न. एक त्या समारंभातल्या डॉक्टरेटचा. दुसरा, मुंबईस्थित एका देणगीदारांनी नावाआधी ‘पद्मश्री’ छापा असं कळवलंय आणि त्यांना तो सन्मान खरोखर मिळालेला आहे.

सनदधारी

पद्मश्रीचा निवाडा झालेला आहे. घटनेच्या कलम 18 प्रमाणे राज्यसंस्था लष्करी किंवा विद्याविषयक मान सोडून कुठलाही किताब देऊ शकत नाही. मग भारतरत्न आणि पद्म पुरस्कारांचं काय, असा प्रश्न बालाजी राघवन खटल्यात घटनापीठापुढे आला. डिसेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे पुरस्कार म्हणजे किताब नाहीत, म्हणून ते घटनेत बसतात, पण नावाआधी किंवा नंतर जोडून ते किताबासारखे वापरता येणार नाहीत. तुम्ही नाव साधं छापा आणि खाली परिचयाच्या ओळीत ‘पद्मश्री सन्मान’ आणि वर्ष द्या. मान तिथेही पूर्ण राहतो.

प्रबंधवाला

मानद डॉक्टरेटचं बघू. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. शहरातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळासोबत ‘डॉक्टरेट’ देणाऱ्या संस्था यांत कुठेच बसत नाहीत. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो, ती जरूर पाहा.

खऱ्या विद्यापीठाने दिलेली मानद पदवी असेल तर नावानंतर ‘डी.लिट. (मानद)’ असं लिहा. नावाआधी ‘डॉ.’ नको. ज्याने प्रबंध लिहिला, मौखिकीला उभा राहिला, त्याच्यात आणि मानद पदवीत फरक दिसलाच पाहिजे. हे मी पोटतिडकीने लिहितोय, कारण आमच्या विभागात शेतातली कामं उरकून संशोधन करणारी मुलं मी रोज पाहतो. त्यांचं ‘डॉ.’ स्वस्त होऊ नये.

पीएच.डी.वाल्यांनाही एक सांगा. प्रबंध सादर केला म्हणजे डॉक्टरेट मिळाली असं होत नाही. मौखिकी होऊन विद्यापीठाची अधिसूचना निघाली की मग लावा.

मधुवंती

‘विशारद’ काढू नका, ही विनंती. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, विशारदपर्यंत पोचायला अनेक वर्षं जातात आणि क्रियात्मक परीक्षेत परीक्षकापुढे बसून गावं लागतं. आमच्या गावाकडे घरचं सगळं सांभाळून कित्येक बायकांनी हे पूर्ण केलंय. ‘संगीत विशारद (गायन)’ किंवा ‘(तबला)’ असं विषयासकट लिहा. ‘पंडित’ मात्र परीक्षेने मिळत नाही, ते स्वतःहून कुणी कळवलं असेल तर छापू नका.

जुनी पानं

विश्वस्तांच्या जुन्या याद्यांत एखाद्या बाईंच्या नावानंतर ‘जी.ए.’ दिसलं तर छपाईची चूक समजून बी.ए. करू नका. ती ‘गृहीतागमा’, महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची पदवी. सरकारने या विद्यापीठाला कायद्याने मान्यता दिली ती 1951 साली. त्याआधी ज्या मुलींनी हा अभ्यास पुरा केला, त्यांनी सरकारी मान्यतेची वाट न पाहता तो केला. माझ्या मते त्या काळातल्या पदव्यांत या दोन अक्षरांचं मोल फार मोठं आहे.

कोयनाकाठ

जुनी पानं, तुम्ही हे लिहिलंत आणि मी 1930 नंतरची सभासद नोंदवही काढून बसलो. एका बाईंच्या नावानंतर खरोखर जी.ए. आहे! यादीत आम्ही त्यांना बी.ए. केलं होतं. दुरुस्त करतोय. मनापासून आभार.

लीड्सकर

मी इथे सर्जन आहे. ब्रिटनमध्ये सर्जनांच्या रॉयल कॉलेजची परीक्षा झाली की परंपरेने ‘डॉक्टर’ सोडून ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ म्हणतात. तेव्हा परदेशातल्या एखाद्या गाववाल्याने एफ.आर.सी.एस. लिहून नावाआधी ‘डॉ.’ लावलं नसेल तर तुम्ही आपणहून लावू नका. कॉलेज कुठलं ते कंसात असतं, उदाहरणार्थ एफ.आर.सी.एस. (एडिनबरा). तेवढं ठेवा. जर्मनीत असलेल्यांनाही विचारून घ्या, तिथे पदवी चुकीची लावणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि लोक त्या बाबतीत फार काटेकोर असतात.

हिंजवडी

आयटीवाल्यांची प्रमाणपत्रं सरळ गाळा. पी.एम.पी.चं (प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. स्मरणिका त्याहून जास्त टिकणार. रेझ्युमेत त्यांची जागा आहे, तिथे आम्ही लावतोच.

वस्तीशाळा

सगळे प्रतिसाद वाचले. नियम सगळे बरोबर आहेत. मला दुसरं म्हणायचंय.

आमच्या घरात मी पहिला एम.ए., बी.एड. घराच्या दारावर वडिलांनी पाटी लावली, माझं नाव आणि त्यापुढे या दोन पदव्या. वडिलांना स्वतःला सहीपुरतं लिहिता येतं. आमच्या वस्तीत 14 एप्रिलच्या फलकावर बाबासाहेबांच्या नावानंतर एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ, एल्एल.डी., डी.लिट. असं पूर्ण लिहिलेलं असतं आणि लहान मुलं ते तोंडपाठ म्हणतात. याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचं नाव शाळेत दाखल झालं. कोलंबियाची एल्एल.डी. आणि उस्मानियाची डी.लिट. या मानद आहेत, 1952 आणि 1953 च्या. बाकी सगळं त्यांनी अभ्यासाने मिळवलेलं आहे.

ज्यांच्या घरात चार पिढ्या पदवीधर आहेत त्यांना नुसतं नाव छापणं साधेपणाचं वाटतं. आम्हाला ती ओळ हवी असते, कारण तिच्यासाठी कुणीतरी जमीन गहाण टाकलेली असते. खोटं गाळा, फुगवलेलं गाळा, पण तरुण मंडळींना सांगा की सरसकट काही उडवू नका. आणि ‘बी.ए. (अपिअर्ड)’वाल्या माणसाशी नीट बोला. शेवटच्या वर्षाला पैसे संपले म्हणून थांबलेलाही कुणी असू शकतो. ‘बी.ए. दुसऱ्या वर्षापर्यंत’ असं छापता येईल का पाहा. तेही खरंच आहे.

मुद्रितशोधक

वस्तीशाळा, ‘अपिअर्ड’ गाळा असं मी वर लिहिलं होतं, तरी तुमची सूचना त्याहून चांगली आहे. शिक्षण जिथवर झालं तिथवर लिहावं.

कोयनाकाठ, दोन कामाच्या गोष्टी. यादी आडनावाच्या अकारविल्हे लावा. पदवीच्या उतरंडीने लावलीत तर भांडणं होतील आणि ती रास्त असतील. आणि छपाईआधी प्रत्येकाला त्याची एकच ओळ पाठवून लेखी होकार घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल. जे हयात नाहीत त्यांच्या घरच्यांकडून प्रमाणपत्राचा फोटो मागवा. लोक आनंदाने पाठवतात, आणि बऱ्याच घरांत ते फ्रेम करून ठेवलेलं असतं.

कोयनाकाठ

मंडळी, समितीत काल वाचून दाखवलं. वस्तीशाळा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. सरसकट उडवण्याचा ठराव मागे घेतला गेला.

‘अपिअर्ड’वाल्या काकांना फोन केला. थोरल्या भावाच्या आजारपणात कॉलेज सुटलं होतं. ‘बी.ए. द्वितीय वर्षापर्यंत’ चालेल म्हणाले. एम.डी. (ए.एम.)वाल्यांनी नोंदणी क्रमांक अजून दिलेला नाही. तो आला नाही तर नुसतं नाव आणि ‘वाचनालयाचे आजीव सभासद’ असं छापायचं ठरलंय, कारण ते आहेतच आणि देणगीही त्यांनी मनापासून दिली आहे. समाजभूषण गृहस्थांकडे रविवारी मी आणि अध्यक्ष दोघे जाणार आहोत.

होकाराच्या संदेशाचा मसुदा उद्या इथेच टाकतो. शब्द कुठे टोचत असतील तर सांगा.